प्रश्न गंजीफ्रॉकचा!

गेल्या डिसेंबरात आमच्या घरी लग्नघरासारखी गडबड उडाली होती. लग्न कोणाचेच नव्हते. धाकटी पुतणी कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर उत्तराखंडातल्या केदारकंठाला निघाली होती. साडेबारा हजार फुटांचे शिखर, कडाक्याच्या थंडीचा महिना, सांकरी गाव मागे पडले की पुढे बर्फातून वाट. मुलगी पहिल्यांदाच हिमालयात चाललेली. तेव्हा पलंगावर सगळ्या सामानाचा बस्ता मांडला गेला आणि घरातला प्रत्येक जण त्यावर आपापले मत देऊ लागला.

मधोमध, मानाच्या जागी, जाकीट होते. नारिंगी रंगाचे, पिसे भरलेले, टम्म फुगलेले. त्याचे निम्मे पैसे बापाने आणि निम्मे आजीने दिले होते. शेजारी बूट. पंधरा दिवस इमारतीचा जिना चढून-उतरून ते पायात मुरवून घेतले होते. मग हातमोजे, गॉगल, कानटोपी, कपाळावर बांधायची बॅटरी. आणि अगदी कडेला, उशीच्या आड, प्लॅस्टिकच्या पिशवीत ‘थर्मल’ची एक जोडी. पांढरी, जाडजूड, चौकड्याचौकड्यांच्या विणीची. सगळी खरेदी आटोपल्यावर उरलेल्या पैशांत जवळच्या दुकानातून घेतलेली. दुकानदाराने ‘एकदम गरम’ अशी ग्वाही दिली होती म्हणे.

मी सवयीने तिच्या मानेजवळची चिठ्ठी उलटून पाहिली. सूत साठ टक्के, पॉलिएस्टर चाळीस टक्के.

‘‘ही घालून तिला डोंगर चढू देऊ नका,’’ मी म्हणालो.

सगळे एकदम गप्प झाले. मग वहिनी हसून म्हणाल्या, ‘‘अहो भाऊजी, आत घालायच्या कपड्याला कोण बघतंय? जाकीट चांगलं घेतलंय ना!’’

वहिनींचे ते वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात घर करून बसले आहे. त्यांची चूक नव्हती. आपण सगळेच डोंगरावरचे कपडे बाहेरून आत असे विकत घेतो. आधी दिसणारे जाकीट, मग बूट, मग टोपी. आणि अंगाला लागून जो असतो त्या कपड्याच्या वाट्याला उरलेसुरले पैसे आणि उरलेसुरले लक्ष. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. डोंगराची खरेदी आतून बाहेर अशी करावी. पहिला प्रश्न गंजीफ्रॉकचा! त्याचे उत्तर चुकले, तर वरच्या सगळ्या किमती उत्तरांना फारसा अर्थ उरत नाही.

हे मला कोणत्या पुस्तकाने शिकवले नाही. ते शिकायला मी १९९३ सालच्या ऑगस्टात हरिश्चंद्रगडावर गेलो होतो.

तोलारखिंडीतला पाऊस

आम्ही सहा जण होतो. कल्याणहून एस.टी.ने माळशेज घाट ओलांडून खुबी फाट्यावर उतरलो, खिरेश्वर गाठले आणि तोलारखिंडीची वाट धरली. पाऊस सकाळपासून एका लयीत कोसळत होता. आम्हाला त्याचे काही वाटले नाही. पावसासाठीच तर आलो होतो. आमच्यातला एक मित्र अंगापिंडाने सर्वांत दणकट. दोघांचे ओझे एकटा वाहणारा. अंगात सुती गंजीफ्रॉक, वर सुती शर्ट, खाली जीन्स आणि सगळ्यांवर नवाकोरा, रबरी अस्तराचा विंडचीटर. त्या विंडचीटरचा आम्हाला हेवा वाटत होता. पाण्याचा एक थेंब आत जात नव्हता. पण आतला घामाचा थेंबही बाहेर पडत नव्हता, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही.

खिंडीपर्यंत तो घामाने निथळत होता. वरच्या पठारावर वारा लागला तशी त्याने बडबड बंद केली. दमला असेल, असे आम्ही म्हटले. मग तो ठेचकाळू लागला. मंदिर दिसू लागले तेव्हा त्याने मला काही तरी विचारले; शब्द सगळे एकमेकांत मिसळलेले, दारू प्यायल्यासारखे. मी हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते. गुहेत शिरलो तेव्हा तो थडथडा उडत होता आणि बुटाची नाडी सोडण्याइतकीही त्याची बोटे वळत नव्हती. आम्ही काय करावे? पिशवीतली होती-नव्हती ती सगळी पांघरुणे त्याच्या अंगावर टाकली, त्या ओल्या कपड्यांवरच. थरथर थांबेना.

गुहेच्या तोंडाशी पाचनईकडचे एक वयस्क गृहस्थ चूल पेटवून बसले होते. ते उठून आले, मित्राच्या गळ्यापाशी हात घातला आणि आमच्यावर खेकसले, ‘‘आरं, वरून काय घालताय? आदी त्याच्या अंगावरचं वलं काढा!’’

आम्ही एकेक कपडा सोलून काढला. गंजीफ्रॉक कातडीला असा चिकटला होता की तो डोक्यावरून काढताना दोघांना ओढावे लागले. पिळला तर धार लागली. त्यांनी मित्राचे अंग कोरडे करून त्याला आपल्या घोंगडीत गुंडाळले आणि गुळाचा गरम चहा घोटघोट पाजला. दीड-दोन तासांनी तो माणसात आला. बर्फ नव्हते, पारा शून्याच्या जवळपासही नव्हता. ऑगस्टातला आपला नेहमीचा सह्याद्री होता. आणि तरीही एक धट्टाकट्टा तरुण आमच्या डोळ्यांदेखत थंडीने जायच्या बेतात आला होता, अंगावर पाऊस न पडता!

सूत आणि आपण

आता सुताविरुद्ध बोलणे माझ्या जिवावर येते. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत होते. आमच्या घरात सुती कापडावर देवासारखी निष्ठा होती. ‘‘अंगाला सूतच हवं. घाम टिपतं,’’ हे आईचे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. आणि आईचे काही चुकत नव्हते. मुंबईच्या मे महिन्यात, दादरच्या पुलावरच्या गर्दीत, सुतासारखे सुख नाही. सूत घाम पिते, तो घाम हळूहळू वाळतो आणि वाळताना अंगाची उष्णता घेऊन जातो. उकाड्यात आपल्याला तेच तर हवे असते.

डोंगरावर, थंड वाऱ्यात, हाच गुण वैरी होतो. पाठीवर ओझे घेऊन चढणारा माणूस तासाला अर्धा-एक लिटर घाम सहज गाळतो. एक लिटर घाम वाळून जायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. गृहिणींना कळेल अशा भाषेत सांगायचे, तर तेवढ्या उष्णतेत नळाचे सात लिटर पाणी उकळीला येईल. चढत असेपर्यंत शरीर ही उष्णता तयार करीत असते, म्हणून काही जाणवत नाही. थांबलो, बसलो, वारा लागला, की शरीराची भट्टी मंदावते. पण ओला गंजी आपली वसुली चालूच ठेवतो. शिवाय पाण्यातून उष्णता स्थिर हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने वाहून जाते. कोरड्या कपड्याची ऊब ही खरे तर धाग्यांत अडकलेल्या हवेची ऊब असते. सुती धागे भिजले की मऊ पडून चपटे होतात, कातडीला चिकटतात. हवेची जागा पाणी घेते आणि कपड्याचे ओले फडके होते.

शरीराचे आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. ते ३५ च्या खाली उतरले की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. ठेचकाळणे, अडखळत बोलणे, चिडचिड, बोटे न वळणे ही त्याची सुरुवात. थरथर कापणे ही शरीराची धडपड असते. माणूस तसाच गार असताना थरथर आपोआप थांबली, तर ती सुधारणा नव्हे, ती धोक्याची घंटा आहे. अशा वेळी काही जण ‘उकडतंय’ म्हणून अंगावरचे कपडेही काढून टाकतात. घरातली मुले डोंगरात जात असतील तर एवढे पाठ असू द्यावे: आडोसा, ओले काढणे, कोरडे गुंडाळणे, शुद्धीवर असेल तर गरम गोड पेय, हातपाय चोळायचे नाहीत, दारू तर अजिबात नाही आणि शक्य तितक्या लवकर डॉक्टर. पाचनईच्या त्या गृहस्थांना हायपोथर्मिया हा शब्द ठाऊक नसावा. क्रम मात्र अचूक ठाऊक होता.

घोंगडी, जाळी आणि एव्हरेस्ट

मग सुताऐवजी काय? याचे एक उत्तर त्या गृहस्थांच्या खांद्यावरच होते. लोकर.

लोकरीची गंमत अशी, की ती सुतापेक्षा जास्त ओलावा पिते. नेहमीच्या दमट हवेत सूत आपल्या वजनाच्या साधारण आठ टक्के ओलावा धरते, तर लोकर सोळा टक्क्यांच्या घरात. पण लोकर तो धाग्याच्या पोटात ठेवते. तिचा पृष्ठभाग पाणी झटकतो, धाग्याची नैसर्गिक कुरळी वळणे भिजली तरी पुरती मोडत नाहीत, त्यामुळे हवा अडकलेली राहते. शिवाय वाफ शोषताना लोकर किंचित उष्णता सोडते. आपला धनगर पावसात घोंगडी पांघरून मेंढरांमागे उभा राहतो, त्यामागे हे शास्त्र आहे. अडचण एकच: दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. ती खांद्यावर ठीक. कातडीला लावली तर माणूस डोंगर चढण्याऐवजी खाजवीत बसेल. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर त्या मानाने फार बारीक असते. अंगालगतच्या कपड्यांसाठी वापरतात तिचा तंतू साधारण १७ ते १९ मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही बारीक. म्हणून ती टोचत नाही.

आतल्या कपड्याचा हा विचार गिर्यारोहकांनी फार पूर्वीपासून केला आहे. १९२४ साली एव्हरेस्टवर नाहीसा झालेल्या जॉर्ज मॅलरीचा देह १९९९ साली सापडला. त्याच्या अंगावर रेशीम, सूत आणि लोकर यांचे अनेक पातळ थर होते, वर गॅबर्डीनचे जाकीट. २००६ साली त्या कपड्यांची हुबेहूब नक्कल तयार करून ती एव्हरेस्टवर घालून पाहण्यात आली, तेव्हा ते कपडे आपण समजत होतो तितके कुचकामी नव्हते असे दिसून आले. एका जाड कपड्यापेक्षा अनेक पातळ कपडे बरे, हे त्या पिढीला पक्के कळले होते.

त्याहून मजेदार गोष्ट नॉर्वेची. तिथल्या हेन्रिक ब्रून नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १९३३ साली मासेमारीच्या जाळ्यापासून गंजीफ्रॉक तयार केला. जाळीच्या भोकांत हवा अडकते आणि घामाची वाफ अडत नाही. १९५३ साली एव्हरेस्ट सर झाले, त्या मोहिमेच्या कपड्यांत असे जाळीचे गंजीफ्रॉक होते. चाळीच्या गॅलरीत जाळीचा बनियन घालून पेपर वाचणाऱ्या आपल्या काकालोकांना हे कळले असते, तर त्यांची छाती आणखी फुगली असती! अर्थात त्यांचा बनियन सुती, तेव्हा एव्हरेस्टवर चालला नसता.

१९७० नंतर पॉलिप्रॉपिलीन आणि त्यामागोमाग पॉलिएस्टरचे गंजी आले. हे धागे पाणी पीतच नाहीत. पॉलिएस्टर आपल्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा ओलावा धरीत नाही. घाम दोन धाग्यांमधल्या फटींतून बाहेरच्या अंगाला ओढला जातो, तिथे पसरतो आणि चटकन वाळतो. म्हणजे सूत घाम टिपते आणि जवळ ठेवते. हे धागे घाम घेतात आणि पुढे देतात. डोंगरासाठी कपडा निवडायचा, तो या एका फरकावर.

पातळ हवा, जाड नको

यापुढचा सल्ला दुकानदाराच्या ‘एकदम गरम’च्या विरुद्ध जाणारा आहे. अंगालगतचा कपडा शक्यतो पातळ घ्यावा. त्याचे काम ऊब देणे हे दुय्यम. अंग कोरडे ठेवणे हे मुख्य. कापडाचे वजन चौरस मीटरला किती ग्रॅम, यावर त्याची जाडी मोजतात. १२० ते १६० ग्रॅम म्हणजे हलके, २०० च्या आसपास मध्यम, अडीचशेच्या पुढे जाड. चढणाऱ्या माणसाला हलके पुरते, कारण चढताना तो स्वतःच शेगडी असतो. जाड गंजी घातला की घाम जास्त, घाम जास्त की ओल जास्त, आणि जाड कापड वाळायला वेळही जास्त. थंडी वाढली तर वर आणखी एक पातळ थर चढवता येतो. जाड गंजी मात्र बर्फात उभे राहून बदलता येत नाही.

बसायला पाहिजे तो अंगासरशी. ढगळ असेल तर कातडीवरचा घाम त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. पण श्वास कोंडेल इतका घट्टही नको. पाठ लांब हवी, म्हणजे वाकल्यावर कंबर उघडी पडत नाही आणि कडा चढताना हार्नेसच्या पट्ट्याखालून कपडा निसटत नाही. खांद्यावर नेमकी सॅकच्या पट्ट्याखाली शिवण येऊ नये. दुसऱ्या दिवशी तिथे वळ उठतो. गळ्याला छोटी चेन असेल तर उत्तम. चढावर उघडायची, वाऱ्यात लावायची. बाह्या कोपरापर्यंत सहज वर सरकाव्यात. आणि मुलींच्या बाबतीत एक गोष्ट घरात मोकळेपणाने बोलली जात नाही, म्हणून इथे लिहितो: वरचा गंजी उत्तम असला, पण त्याच्या आतली अंतर्वस्त्रे सुती असली, तर ओल तिथेच साचून राहते. तीही त्याच कापडाची घ्यावीत. मोज्यांनाही हाच नियम.

मेरिनो घ्यावे की पॉलिएस्टर? दोन्हींच्या बाजू आहेत. मेरिनोला पाच-सहा दिवस घातले तरी फारसा वास येत नाही. पॉलिएस्टरला दुसऱ्या दिवशी येतो आणि तंबूतले सोबती तो तोंडावर सांगतात. लोकर स्टोव्हच्या ठिणगीने वितळत नाही; कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटू शकतो, म्हणून तो घालून स्टोव्हपाशी जपून वागावे. उलट पॉलिएस्टर लवकर वाळते, जास्त टिकते आणि कसेही धुतले तरी तक्रार करीत नाही. पातळ मेरिनो सॅकच्या घर्षणाने विरते, कपाटात कसर लागते आणि किंमत साध्या पॉलिएस्टरच्या कितीतरी पट. पॉलिएस्टर धुताना त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात आणि शेवटी नदी-समुद्रात पोहोचतात, हीही खरीच गोष्ट. माझ्यापुरते म्हणाल, तर सह्याद्रीत पॉलिएस्टर आणि हिमालयातल्या लांब वाटेला मेरिनो. पण ज्याला एकच परवडतो त्याने निःशंकपणे पॉलिएस्टर घ्यावे.

‘आमच्या वेळी असले लाड नव्हते’

हे वाक्य मला नेहमी ऐकावे लागते. ‘आम्ही नाही का सुती गंजीवर गड पालथे घातले?’ घातले. मीही घातले. एप्रिलात रायगडाच्या पायऱ्या चढणाऱ्याने आजही खुशाल सुती घालावे. तिथे ओला सदरा म्हणजे वरदान. मी बोलतो आहे ते पावसाबद्दल, वाऱ्याबद्दल आणि उंचीबद्दल. दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. आपले कळसूबाईच १,६४६ मीटर उंच. जानेवारीतल्या पहाटे तिच्या माथ्यावर सूर्योदयाची वाट पाहत घामेजल्या अंगाने तासभर बसून पाहावे. आणि ‘आमच्या वेळी’ म्हणणाऱ्यांत जे परत आले त्यांचाच आवाज ऐकू येतो, हेही विसरू नये.

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो मी गंभीरपणे घेतो. डोंगर हा श्रीमंतांचा छंद होऊ नये. म्हणूनच सांगतो, हा सर्वांत स्वस्तात सुटणारा प्रश्न आहे. धावायला किंवा फुटबॉल खेळायला मुले जो पातळ, साधा पॉलिएस्टरचा टी-शर्ट घालतात, तो सह्याद्रीतल्या पावसाळ्यात उत्तम अंगालगतचा कपडा आहे. तो बहुतेक घरांत आधीपासूनच असतो. जाकिटातून थोडे पैसे कमी केले, तर हिमालयासाठी पूर्ण बाह्यांची जोडी त्यात सहज येते. मी म्हणतो तो खर्च नव्हे, खर्चाचा क्रम आहे.

ज्यांचा शब्दांवर विश्वास बसत नाही त्यांनी मी केले ते करून पाहावे. एका रविवारी मी एक सुती गंजी, एक पॉलिएस्टरचा टी-शर्ट आणि एक मेरिनोचा गंजी बादलीत भिजवले, सारख्या ताकदीने पिळले आणि गॅलरीच्या दोरीवर शेजारी-शेजारी टाकले. पॉलिएस्टर सर्वांत आधी वाळले. मेरिनोला वेळ लागला, पण ओले असतानाच अंगात घातले तेव्हा हुडहुडी भरली नाही. सुती गंजी संध्याकाळी चहाच्या वेळीही काखेत दमट होता. चिठ्ठी फाटली असेल तर कापडाचा एक धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा: सूत कागदासारखे जळून राख होते, लोकरीला केस जळल्याचा वास येतो, पॉलिएस्टर आकसून त्याचा कडक मणी होतो.

माझी खरी तक्रार मात्र मुलांना डोंगरात नेणाऱ्या मंडळींशी आहे. त्यांच्या सामानाच्या यादीत ‘थर्मल – १ जोडी’ एवढेच लिहिलेले असते. पुतणीच्या यादीतही तेच होते. आपल्या बाजारात थर्मल म्हणून विकले जाणारे पुष्कळसे कपडे सुती किंवा सूतमिश्रित असतात. ते शहरातल्या थंडीत स्वेटरखाली घालून खुर्चीत बसण्यासाठी केलेले; त्या कामाला ते चांगलेच. पण घाम गाळीत चढणाऱ्या माणसासाठी ते केलेले नाहीत. यादीत फक्त दोन शब्द वाढवायचे आहेत: ‘सुती नको’. सोबत ‘दोन जोड्या’ असे लिहिले तर फारच छान. एक चालायची, दुसरी फक्त झोपायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून सॅकच्या तळाशी ठेवलेली, काहीही झाले तरी दिवसा न घालायची. आणि निघताना अंगात थोडी थंडी वाजली पाहिजे, हा नियम. निघतानाच उबदार वाटले, तर दहाव्या मिनिटाला घाम फुटणार.

एवढे सगळे करूनही गंजीफ्रॉक म्हणजे कवचकुंडले नव्हेत. वर पाऊस-वारा अडवणारे जाकीट हवेच, पोटात अन्न हवे, आणि हवामान बिघडले तर मागे फिरण्याची अक्कल हवी. ती कोणत्याच दुकानात मिळत नाही.

आमच्या घरच्या बस्त्याचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. ती पांढरी जोडी वहिनींनी स्वतःसाठी ठेवून घेतली आणि पहाटे दूध आणायला जाताना त्या ती आनंदाने घालतात. पुतणीसाठी पॉलिएस्टरच्या पातळ दोन जोड्या आणल्या. ती जाऊन आली. शिखराची चढाई मध्यरात्रीनंतर अंधारातच सुरू झाली. परत तळावर आल्यावर तिच्या तंबूतली एक मुलगी गप्प गप्प होऊन कुडकुडू लागली. अंगात तशीच जाड पांढरी थर्मल, घामाने चिंब. पुतणीने तिला ते सगळे काढायला लावले आणि पिशवीची गाठ सोडून आपली झोपायची कोरडी जोडी तिला घालायला दिली. ‘‘काका, तुमचं ते ‘आदी वलं काढा’ आठवलं,’’ ती म्हणाली.

शिखरावरचा तिचा फोटो आता वहिनींनी दिवाणखान्यात लावला आहे. मागे बर्फाचे डोंगर, अंगात ते नारिंगी जाकीट. येणारा-जाणारा जाकिटाची किंमत विचारतो. आतला कपडा फोटोत कुठेच दिसत नाही.